मदत हवी आहे: मेहकरला गाडी अडकली, शुक्रवारी गुहागरला मुंज. थांबावं की पुढे निघावं?

नमस्कार मंडळी,

नागपूरहून गुहागरला निघालो आहोत. मी, नवरा, सासूबाई (वय ७६, मधुमेह, इन्सुलिन चालू) आणि दोन मुलं, वय ११ आणि ५. शुक्रवारी सासूबाईंच्या भाच्याच्या मुलाची मुंज आहे. गुहागर त्यांचं माहेर. कोविडच्या आधीपासून तिकडे जाणं झालेलं नाही, त्यामुळे हा सगळा घाट त्यांच्यासाठीच घातलाय. समृद्धीने संभाजीनगर, पुण्यात मावससासूबाईंकडे मुक्काम, मग उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, असं ठरलं होतं.

काल, सोमवारी दुपारी, समृद्धीवर मेहकरच्या अलीकडे टेम्परेचरचा काटा भराभर वर चढला. नवऱ्याने लगेच गाडी डावीकडे घेऊन इंजिन बंद केलं. खाली कूलंट ठिबकत होतं. सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे नेलं, कारण १२० च्या वेगाने गाड्या जात असताना कडेच्या गाडीत बसून राहणं फार धोक्याचं. पण मे महिन्यातली दुपार आणि सावलीला झाड नाही. टोइंगची गाडी येईपर्यंत मी सासूबाईंवर छत्री धरून उभी होते आणि धाकटा पाण्यासाठी रडत होता. रस्ता गुळगुळीत आहे, पण बंद पडलात की मेकॅनिक सहज पोचू शकत नाही, हे लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

आता मेहकरमध्ये लॉजवर आहोत. गाडी डिझेल, बरीच जुनी. मेकॅनिक सरळ माणूस वाटला. वॉटर पंपाच्या तोंडाशी वाळलेल्या कूलंटचा गुलाबी थर दाखवला, पुली हाताने हलवून शाफ्टला आलेला खेळ दाखवला. पंप टायमिंग बेल्टवर चालतो, म्हणून पुढचा सगळा भाग उघडावा लागेल. पार्ट संभाजीनगरहून बुधवारी संध्याकाळी येणार, गाडी गुरुवारी दुपारी मिळेल म्हणतो.

नवऱ्याचं म्हणणं, गुरुवारी दुपारी निघून रात्रभर चालवत शुक्रवारी सकाळी पोचू. मला ते पटत नाही. गाडी टाकून जायला तो तयार नाही. सासूबाई सारखं म्हणताहेत, "माझ्यापायी तुम्हाला त्रास, मी नाही गेले तरी चालेल." हे ऐकवत नाही हो. सकाळपासून त्या नीट जेवलेल्याही नाहीत, आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने जेवण टाळणं बरं नव्हे.

तर, गाडीची वाट बघावी का? की मी आणि सासूबाईंनी मुलांना घेऊन पुढे जावं? लॉजवर फ्रिज नाही, इन्सुलिन कसं सांभाळू? आणि दोन दिवस मुलांना या खोलीत कसं रमवू?

प्रतिसाद:

ताई, आधी एक गोष्ट करा. पार्टची वाट बघण्याआधी मेकॅनिकला हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) तपासायला सांगा. काटा लाल पट्ट्यात किती वेळ होता यावर बरंच अवलंबून आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसला किंवा डिपस्टिकवरचं ऑइल कॉफीसारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय. मग हेड उतरवावं लागेल आणि गुरुवार विसरा. म्हणून म्हणतो, मुंजीचं वेळापत्रक गॅरेजच्या शब्दावर टांगू नका.

पुढचा भाग उघडतोच आहे तर टायमिंग बेल्ट आणि त्याला ताणून, सरळ धरणारे टेन्शनर आणि आयडलर पुलीही आत्ताच बदलून घ्या. मजुरी तीच लागते. पंप बसवल्यावर कूलिंग सिस्टीममधली हवा नीट काढली पाहिजे, नाहीतर नव्या पंपावरही गाडी तापते. ताब्यात घेतल्यावर गावाबाहेर वीस-तीस किलोमीटर फिरवा, थंड होऊ द्या, कूलंटची पातळी परत बघा. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका.

आणि साध्या विम्यात यांत्रिक बिघाडाचा खर्च मिळत नाही, झिरो डेप (घसारा न कापणारा विमा) असलं तरी. आरएसए (रोडसाइड असिस्टन्स) म्हणजे फक्त रस्त्यावरची मदत आणि टोइंग. एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर मात्र कागद काढा.

प्रतिसाद:

मी फार्मासिस्ट आहे, इन्सुलिनपुरतं सांगते. चालू पेन किंवा व्हायल नेहमीच्या खोलीत राहू शकते, पण विदर्भातल्या मे महिन्यातली खोली त्यात बसत नाही. मातीचं छोटं मडकं घ्या, त्यात पिशवीत गुंडाळून ठेवा, बाहेरून ओलं फडकं लावा आणि वाऱ्याला ठेवा. जास्तीचा साठा जवळच्या मेडिकलवाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवायला द्या, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. थेट बर्फावर ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. प्रवासात आजींच्या पर्समध्ये साखर किंवा ग्लुकोज असू द्या.

प्रतिसाद:

आम्ही बुलढाणा जिल्ह्यातलेच. मेहकरहून पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्स मिळतात, एसटीही आहे. आजी ७६ च्या आहेत, एसटीत त्यांना तिकीट नाही, ७५ वर्षांवरच्यांना मोफत आहे. तुम्हाला महिला म्हणून अर्धं. आधार कार्ड जवळ ठेवा. मुलांना उद्या पहाटेच लोणारला न्या, वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. उल्कापाताने झालेलं सरोवर आहे, अकरा वर्षांच्या मुलाला विज्ञानाच्या पुस्तकातलं प्रत्यक्ष दिसेल. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळही बघा. नऊच्या आत परता, नंतर ऊन सोसणार नाही. आजींना मेहकरमध्येच शारंगधर बालाजीच्या दर्शनाला नेता येईल, मूर्ती बघून त्यांना बरं वाटेल.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिले, त्यामुळे निदान शांतपणे बोलणं झालं. ऑइल तपासून घेतलं, स्वच्छ आहे. बेल्ट आणि टेन्शनरही मागवलेत.

ठरलं ते असं. उद्या सकाळी लोणार, संध्याकाळी बालाजी, आणि रात्रीच्या बसने मी, सासूबाई आणि मुलं पुण्याला. गुरुवारी सकाळी मावससासूबाईंकडे अंघोळ-जेवण, दुपारी भाड्याच्या गाडीने गुहागर. नवरा इथे थांबेल, गाडी मिळाल्यावर फिरवून बघेल आणि उजेडात जमेल तेवढंच अंतर कापेल. मुंजीला तो उशिरा पोचला तरी चालेल, हे त्याने स्वतःच म्हटलं. सासूबाईंना मी स्पष्ट सांगितलं, "आई, पंप तुमच्यामुळे नाही गेला. तुम्ही मातृभोजनाला तिथे असलंच पाहिजे." मग कुठे त्यांनी वरण-भात जेवला. मडकं आणलंय, मेडिकलवाल्यांनी जास्तीचं इन्सुलिन ठेवून घेतलं.

आता एकच विचारायचं आहे. नवा पंप बसवून लगेच कुंभार्ली घाट उतरायचा आणि परतीला भर उन्हात भरल्या गाडीने तोच घाट चढायचा, हे ठीक आहे का? की गुहागरला जाताना पुण्यात एकदा पुन्हा तपासून, परतीला पहाटे लवकर घाट चढावा? नवरा गुरुवारी मेहकर सोडण्याआधी कुणी अनुभवी माणसाने सांगितलं तर बरं होईल.