दिवाळखोरीच्या अर्जाआधी मध्यस्थी सक्तीची असावी का?

पुरवठादार, उद्यमबाग (बेळगाव)
नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ८ नुसार थकबाकीची नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तरासाठी १० दिवस मिळतात, आणि मालाबद्दल आधीपासून वाद होता असे तिने दाखवले की राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण पुरवठादाराचा दिवाळखोरीचा अर्ज फेटाळते. आमच्या फौंड्रीच्या धंद्यात असा वाद शोधावा लागत नाही. लॉटमधल्या चार कास्टिंगना (ओतीव भागांना) ब्लोहोल, म्हणजे हवेची छिद्रे, निघतात, खरेदीदार डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) पाठवतो आणि तेवढ्या कागदावर वर्षभराची बिले अडवून धरतो. यातली निर्विवाद रक्कम किती, हे धातुकाम जाणणारा मध्यस्थ बेळगावात बसून ठरवू शकतो. त्यासाठी न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू खंडपीठापर्यंत जायला नको. म्हणून अर्जापूर्वी मध्यस्थी सक्तीची करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वकील, खानापूर
आपली अडचण रास्त आहे, पण सक्तीला माझा विरोध आहे. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यानेही दाव्यापूर्वीची मध्यस्थी ऐच्छिकच ठेवली आहे. अर्ज स्वीकारला जाईपर्यंत संहितेच्या कलम १४ ची स्थगिती, म्हणजे कंपनीची मालमत्ता विकण्यावरची आणि तिच्याकडून वसुलीवरची बंदी, लागू होत नाही. तोवर बैठकांच्या तारखा घेत राहून यंत्रे विकायला आणि मर्जीतल्या धनकोचे पैसे भागवायला प्रवर्तकाला (कंपनीच्या चालकाला) मोकळे रान मिळते. कामगारांची देणी आणि बँकेचे कर्जही त्याच मालमत्तेतून फिटायचे असते, आणि ही मंडळी आपल्या तडजोडीच्या बैठकीला नसतात.

पुरवठादार, उद्यमबाग
वकीलसाहेब, अर्ज स्वीकारून धनको समिती (कंपनीला कर्ज देणाऱ्यांची समिती) बसली की अर्ज मागे घेण्यासाठी कलम १२-अ नुसार तिची ९० टक्के मते लागतात, आणि त्या समितीत बँकांसमोर आम्हा पुरवठादारांना मतच नसते. मग आम्ही तडजोड करायची केव्हा?

सनदी लेखापाल, निपाणी
मार्च २०२० पासून अर्जासाठी किमान थकबाकी १ लाखावरून १ कोटी झाली आहे, हे या चर्चेत सुटले आहे. सीमाभागातील बहुतेक लहान कारखानदारांचे एका गिऱ्हाइकाकडचे येणे तिथवर पोचतच नाही; त्यांच्यासाठी २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखालची, थकीत बिलांचे वाद ऐकणारी सुविधा परिषद आहे आणि तिथे आधी समेटाचाच प्रयत्न होतो. १ कोटीच्या वरच्या येण्यासाठी मात्र मी मध्यस्थीच्या बाजूने आहे, कारण इतक्या मोठ्या खात्यात वादाची आणि बिनवादाची बिले वेगळी काढता येतात.

वकील, खानापूर
तेवढ्यापुरते मान्य करता येईल, पण दोन अटींवर : मुदत ३० दिवसांपलीकडे वाढू नये, आणि पहिल्याच बैठकीत कंपनीने मालमत्ता न विकण्याची लेखी हमी द्यावी. हमी नाकारली, तर त्याच दिवशी अर्जाची वाट मोकळी झाली पाहिजे.