‘अ+ अ-’ बटणांपेक्षा आधी फॉन्ट आणि लेबलं बघा

एक सूचना अशी आहे, की इंदूर महापालिकेच्या मालमत्ता कराच्या वेबपानावर अक्षरं लहान-मोठी करणारी ‘अ+ अ-’ बटणं आणि काळी-पिवळी रंगसंगती दिली की ते दृष्टिहीनांना वापरता येईल. तेवढ्याने भागणार नाही. ज्याला दिसतच नाही, त्याला त्या बटणांचा काय उपयोग?

अशा पानांवर मोठी अडचण असू शकते ती कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टची. त्या फॉन्टमधला ‘कर’ संगणकात ‘डी’ आणि ‘जे’ अशा रोमन अक्षरांत साठतो. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, तेच उच्चारतो. म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदला आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं नजरेखालून घाला, ती हमखास बिघडतात. हिंदी पानाच्या कोडमधल्या एचटीएमएल टॅगमध्ये ‘एचआय’ हा भाषासंकेत हवाच, नाहीतर वाचनाला इंग्रजी आवाज लागू शकतो. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र. सूचना सरळ वेबपानावरच टाका.

फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला कोडमध्ये जोडलेलं लेबल द्या. रकान्याच्या आतली फिकट सूचना लेबलाची जागा घेऊ शकत नाही, ती टाइप करताच नाहीशी होते. साध्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ ठेवा. चित्रातल्या कॅप्चाऐवजी ओटीपी बरा, पण त्याची वेळ वाढवता यायला हवी.

शेवटी माउस बाजूला ठेवून, फक्त टॅब आणि एंटरने पावतीपर्यंत पोचता येतं का बघा. मग एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून तेच करा, तो मोफत मिळतो.