मदत हवी आहे: भावाने ओवाळणीत दिलेला गेम पीसीवर झटके खातोय, रिफंडची वीस मिनिटं उरलीत. रिव्ह्यू नक्की कोणाचे मानायचे?

नमस्कार मंडळी,

जरा घाईने लिहितेय, कारण हातात पाच दिवस आणि वीस मिनिटं आहेत. पाच दिवस कॅलेंडरवरचे, वीस मिनिटं गेमच्या घड्याळातली.

झालं असं, की धाकट्या भावाला यंदा पहिली नोकरी लागली, पुण्यात. मी नाशिकला. या भाऊबीजेला त्याने ओवाळणी म्हणून स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर, मला एक गेम पाठवला. लहानपणी आम्ही एकाच कीबोर्डवर खेळायचो, डावीकडची बटणं त्याची, उजवीकडची माझी. त्यामुळे ताटात पाकीट पडण्यापेक्षा मला याचं फार अप्रूप वाटलं. गेम गाजलेला आहे, आधी कन्सोलवर (प्लेस्टेशनसारख्या खास गेमच्या यंत्रावर) आला, मग पीसीवर. नाव मुद्दाम देत नाही. नाव घेतलं की त्या गेमच्या बाजूने आणि विरुद्ध अशी भांडणं सुरू होतात, आणि मला विचारायचंय ते वेगळंच.

पहिल्यांदा सुरू केला तेव्हा ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी आली. लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घोंगावत होता. कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, जेवण झालं, भांडी घासून आले तरी पट्टी सरकतच होती. ५२ मिनिटं! आणि हा सगळा वेळ ‘खेळण्यात’ धरला गेला.

मग गेम. सुरुवातीचा घरातला भाग छान चालला. तिथून बाजारपेठेत आलं, कमानीखालून चौकात पाय ठेवला, की चित्र अर्धा सेकंद थिजतं आणि आपलं पात्र एकदम तीन पावलं पुढे दिसतं. लढाईत तसंच. वार चुकवायचं बटण मी वेळेवर दाबते, पण तोवर तलवार लागलेली असते. भिंतीचे दगड आधी मेणासारखे गुळगुळीत दिसतात, दोन-तीन सेकंदांनी त्यांवर भेगा उमटतात. एकूण १ तास ४० मिनिटं झालीत.

स्टीमचा नियम असा, की घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच रिफंड. ९ दिवस गेले. शिवाय भेट मिळालेल्या गेमचा रिफंड ज्याला भेट मिळाली त्यानेच मागायचा, पैसे मात्र देणाऱ्याला परत जातात. म्हणजे त्याला कळणारच. त्याने फोनवर विचारलं, “ताई, कसा वाटला?” मी म्हटलं, “मस्त.” तेव्हापासून मला चैन नाही.

लॅपटॉपात आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे, १६ जीबी रॅम. गेमच्या पानावर ‘शिफारस’ म्हणून ३०६० च लिहिलंय. तो बिचारा तेच पाहून निवांत झाला होता. समीक्षकांनी दहापैकी नऊ दिलेत. स्टीमवर मात्र मत ‘संमिश्र’. एक म्हणतो पोर्ट (कन्सोलवरून पीसीवर आणलेली आवृत्ती) म्हणजे निव्वळ कचरा, त्याच्याच खाली दुसरा म्हणतो माझ्याकडे एकदम मक्खन चालतो. दोघंही मनापासून लिहितायत हे दिसतं. मग माझ्यासारखीने विश्वास कोणावर ठेवायचा? आणि उरलेल्या वीस मिनिटांत काय करून बघू?

शेवटचा_बाक
ताई, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा आधी. निम्मे प्रॉब्लेम तिथेच सुटतात. आणि चार्जर लावूनच खेळा.

रातपाळी
ताई, थांबा. चार्जर लावायचं बरोबर आहे, पण ड्रायव्हरला आत्ता हात लावू नका! ड्रायव्हर बदलला की तयार झालेले शेडर बहुधा बाद होतात आणि ती पट्टी पहिल्यापासून सुरू होते. तुमची वीस मिनिटं त्यातच संपतील.

हे का होतं ते सांगतो, कारण तुमच्या ‘विश्वास कोणावर’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. प्रकाश, सावली, पाणी, कातडी कशी दिसावी हे सांगणारे छोटे प्रोग्रॅम म्हणजे शेडर. कन्सोलचं यंत्र सगळीकडे सारखंच, म्हणून तिथे ते कंपनीतच तयार करून पाठवता येतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा, म्हणून ते तुमच्या मशिनवरच घडवावे लागतात. एक तर आधी पट्टी दाखवून घडवायचे, नाहीतर खेळताना ऐनवेळी. ऐनवेळी घडवले की झटका.

दुसरी गोष्ट मेमरीची. प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी मेमरी आहे आणि ती प्रोसेसर, ग्राफिक्स दोघांत मिळून वापरली जाते. पीसीत मात्र ग्राफिक्स कार्डाची मेमरी रॅमपेक्षा वेगळी. डेस्कटॉपच्या ३०६० वर ती साधारण १२ जीबी असते. लॅपटॉपातल्या ३०६० वर ६! नाव तेच, मेमरी निम्मी. तुमच्या भावाची काहीच चूक नाही. गेमच्या पानावर नुसतं ‘३०६०’ लिहून मोकळं होणं हेच मला पटत नाही. मेणासारख्या भिंती हे मेमरी कमी पडल्याचं लक्षण दिसतंय.

आता वीस मिनिटांचं. मुख्य मेनूत थांबलात तरी वेळ मोजला जातो, म्हणून काय करायचं ते आधी कागदावर लिहून घ्या. सेटिंगमध्ये टेक्स्चर (भिंती, कपडे यांच्या पृष्ठभागावरची चित्रं) ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणा. एवढंच. बाकी कशाला हात लावू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. मग त्याच कमानीखालून पाच-सहा वेळा ये-जा करा. पहिल्यांदा झटका आणि नंतर गुळगुळीत, तर शेडरचा दोष, खेळता खेळता कमी होत जाईल. दर वेळी त्याच जागी झटका, तर पुढचा भाग लोड करण्यातच गोची आहे. ते तुम्ही घरी बसून दुरुस्त करू शकत नाही. ते गेमच्या कंपनीनेच पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, आणून करायचं.

आणि ‘मक्खन’वाल्यांबद्दल. ते खोटं बोलत नसतात. सेकंदाला ६० फ्रेम्स (चित्रं) म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. मिनिटाभरात एकच २०० मिलिसेकंदांचा झटका आला, तर त्या मिनिटाची सरासरी ५९.८ दिसते. कोपऱ्यातला आकडा बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं. ज्याच्या हातात त्या क्षणी तलवार आहे त्यालाच तो झटका कळतो. म्हणून नुसती सरासरी सांगणारा रिव्ह्यू मी वाचून सोडून देतो. गेमची तांत्रिक तपासणी करणारे डिजिटल फाउंड्रीसारखे लोक फ्रेम-टाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला याचा, आलेख दाखवतात, ते बघायची सवय लावा.

कॅसेटवाला
रातपाळी, छान समजावलंत. मी थोडं मागचं सांगतो. हा धागा वाचून २०१२ आठवलं. ‘डार्क सोल्स’ पीसीवर आला तेव्हा स्क्रीन कितीही मोठा असो, आत चित्र १०२४ बाय ७२० ठिपक्यांचंच बनायचं. एका चाहत्याने त्याच दिवशी त्यावर उपाय काढून फुकट वाटला. २०१५ च्या जूनमध्ये ‘बॅटमॅन: अर्कम नाइट’ची पीसी आवृत्ती इतकी खराब होती की दुसऱ्याच दिवशी विक्री थांबवली, ती थेट २८ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. कन्सोलवर तोच गेम लोक आनंदाने खेळत होते! ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा हीच शेडरची पट्टी, हेच मेमरीचं रडगाणं. पुढे पॅचवर पॅच आले तेव्हा कुठे बरा झाला.

उलटंही होतं. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा आधी रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना फक्त पीसीची आवृत्ती मिळाली होती. आकडे झकास. प्लेस्टेशन ४ वाल्यांनी त्या आकड्यांवर विसंबून पैसे भरले आणि त्यांना मिळाला सतत बंद पडणारा गेम. आठवड्याभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला, परत आला जून २०२१ मध्ये. म्हणून मी कुठलाही रिव्ह्यू उघडला की आधी बघतो, कोणत्या यंत्रावर खेळून लिहिलंय आणि कोणत्या तारखेला. तुमच्या नऊ गुणांमागे बहुतेक कन्सोलची आवृत्ती असणार. गुण गेमला मिळालेत, तुमच्या हातातल्या पोर्टला नाहीत.

स्टीमवर ‘अलीकडचे’ रिव्ह्यू वेगळे बघता येतात. माझा भर त्यांवरच. आठ महिन्यांपूर्वीची शिवी आणि आठ महिन्यांपूर्वीचं कौतुक, दोन्ही पॅचनंतर शिळं होतं.

सह्यकडा
सगळं पटतं, तरी एक सांगावंसं वाटतं. प्रत्येक झटक्याला ‘कचरा’ म्हणणाऱ्यांमुळे पोर्ट करणाऱ्यांचं कसब झाकलं जातं. ‘विचर ३’ ऑक्टोबर २०१९ मध्ये स्विचवर, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरायच्या छोट्या कन्सोलवर, आला. दोन्ही एक्स्पान्शन्ससकट (नंतर आलेल्या जोडभागांसकट) अख्खा गेम ३२ जीबीच्या एका कार्डात बसवला होता. हातात धरून खेळताना रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांच्या उभ्या ओळी) ५४० पर्यंत, फ्रेम्स सेकंदाला ३०. झाडं धूसर, लांबचं काही नीट दिसत नाही. आकड्यांत मांडलं तर नापासच. पण मी तो कोल्हापूर-मुंबई एसटीत खिडकीशी बसून महिनोन् महिने खेळलोय आणि त्या कारागिरीला माझा मनापासून नमस्कार आहे. ज्या यंत्रावर हे चालेल असं कोणाला वाटलं नव्हतं, तिथे त्यांनी ते चालवलं.

आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा ‘राजी’ हा गेम घ्या. ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला, मग दोन महिन्यांनी बाकीकडे. चित्रकाम, वातावरण यांचं कौतुक झालं, लढाईवर आणि फार लवकर संपण्यावर टीका झाली. ती टीका वाजवी होती, कारण टीका करणाऱ्यांनी कुठे काय कमी पडतंय ते नेमकं लिहिलं होतं. छोट्या चमूला त्यातून काहीतरी घेता येतं. ‘कचरा’ या शब्दातून कोणाला काय घेता येणार?

पण ताई, तुमच्या बाबतीत रिफंड घ्या. पूर्ण किंमत घेऊन ६ जीबीवाल्याला मेणाच्या भिंती दाखवायच्या, हे कसब नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काल रात्री कागदावर लिहून बसले. मोबाइलवर टायमर लावला.

टेक्स्चर ‘मीडियम’वर आणल्याबरोबर भिंती सुधारल्या. खरंच! भेगा लगेच दिसतात, फळांच्या टोपल्यांवरची विणसुद्धा दिसते. लढाईही बरीच बरी झाली. मला इतका आनंद झाला की वाटलं, सुटलं सगळं. मग कमान. पहिली खेप, झटका. दुसरी, झटका. तिसऱ्यांदा हळू चालत गेले, तरी झटका, अगदी त्याच फरशीवर, जिथे डाव्या हाताला लोहाराचं दुकान दिसायला लागतं. सहा खेपा केल्या, सहाही वेळा. १३ मिनिटांत गेम बंद केला.

म्हणजे अर्धा दोष सेटिंगचा होता, अर्धा पोर्टचा. आधी मला हे दोन्ही एकच वाटत होतं.

रातपाळी
उत्तम तपासणी केलीत. दर वेळी त्याच फरशीवर म्हणजे लोडिंगचीच गोची. सात मिनिटं शिल्लक आहेत, आता गेम उघडू नका. रिफंड मागा, पण गेम विशलिस्टमध्ये ठेवा आणि दर मोठ्या पॅचनंतर अलीकडचे रिव्ह्यू बघा. भावाला मात्र तुम्हीच आधी सांगा, पैसे परत आल्याचा मेल बघून त्याला कळायला नको.

धागाकर्ती
सकाळी त्याला फोन केला. सगळं सांगितलं, कमानीपासून टोपल्यांपर्यंत. आधी गप्प झाला, मग म्हणाला, “ताई, मस्त का म्हणालीस मग?” मी म्हटलं, तुझी पहिली ओवाळणी होती रे. मग त्याने स्वतःच तो नऊ गुणांचा रिव्ह्यू पुन्हा उघडला. वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, कन्सोलवर खेळून. दोघांनाही ते आधी दिसलं नव्हतं.

रिफंड मंजूर झाला. त्या पैशांत तो ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ घ्यायचं म्हणतोय. त्या गेमचा पीसी पोर्ट निक्सेस या कंपनीने केलाय, मे २०२४ चा आहे, शिफारस आरटीएक्स २०६० ची. म्हणजे ६ जीबीचंच कार्ड. या वेळी आम्ही अलीकडचे रिव्ह्यू दोघांनी मिळून वाचले. त्यातला दोघांनी खेळायचा भाग सोनीचं खातं काढल्याशिवाय चालत नाही, ते आज काढतोय.

जुन्या गेमच्या पानावर मी माझा रिव्ह्यू टाकलाय, मराठीत. माझ्यासारखं कोणी शोधत आलं तर त्याला उपयोग व्हावा म्हणून. मजकूर इथे देतेय, काही चुकलं असेल तर सांगा, बदलेन:

“लॅपटॉप, आरटीएक्स ३०६० (६ जीबी), रॅम १६ जीबी. १ तास ५३ मिनिटं, त्यातली ५२ शेडर बनण्यात गेली. टेक्स्चर ‘हाय’वर भिंती उशिरा लोड होतात, ‘मीडियम’वर हा त्रास जातो. बाजारपेठेच्या कमानीखाली लोहाराच्या दुकानाजवळ गेम दर वेळी थिजतो, सहापैकी सहा वेळा. घरातला भाग आणि त्यातलं संगीत फार सुंदर आहे. ही जागा दुरुस्त झाली की मी पुन्हा विकत घेईन.”