सावरक्राउटसाठी कोबी: विळी की मशिन?

सावरक्राउट म्हणजे मिठात आंबवलेला कोबी. तो घरी करताना कोबी चिरायला फूड प्रोसेसर घ्यावा का, असं विचारलंय. एक-दोन गड्ड्यांसाठी अजिबात नको. विळीला धार असेल तर तीच पुरते. गड्ड्याचे चार भाग करून दांडा काढा आणि २-३ मिलिमीटरचे लांब काप करा. किसणीवर लगदा होतो, कुरकुरीतपणा जातो. पाच-सहा किलो करायचा असेल तरच स्लायसर बघा, तोही बोटांना गार्ड असलेला. त्याचं पातं विळीपेक्षा फसवं! मीठ मात्र काट्यावर मोजूनच, किलोला २० ते २५ ग्रॅम. आणि सोलापुरात हा उद्योग थंडीतच करा हो. एप्रिल-मेच्या उकाड्यात कोबी भराभर आंबतो नि मऊ पडतो.