'कोहेझिआँ'ला मराठीत काय म्हणावं? (संसक्ती नको म्हणतात)

मोरपीस: फ्रेंच शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांच्या लेखनावरचा एक लेख मराठीत आणतेय. पहिल्याच पानावर 'कोहेझिआँ' (वाक्यं शब्दांनी एकमेकांना जोडलेली असणं) आणि 'कोएराँस' (अर्थाचा मेळ असणं) शेजारीशेजारी. दुसऱ्याला 'सुसंगती' चालून जाईल. पहिल्याला 'संसक्ती' लिहिलं, तर संपादकबाईंचा शेरा: "ही कसली सक्ती?" संदर्भ असा, की विद्यार्थी लिहितात 'बियँ किल प्लव्ह, मे ज सॉर'. पाऊस असूनही, पण मी बाहेर पडतो. चिनीत 'स्वेइरान' (जरी) आलं की मागोमाग 'दानश' (पण) येतं. फ्रेंचमध्ये 'बियँ क' (जरी) आल्यावर 'मे' (पण) नको.

उंटावरचा शहाणा: संसक्तीच ठेवा. संग, प्रसंग, आसक्ती सगळे सञ्ज् धातूचे, अर्थ चिकटणे. फ्रेंच शब्दांचं लॅटिन मूळही चिकटण्याचंच, कोहेझिआँ आणि कोएराँस दोन्ही एकाच लॅटिन धातूच्या लेकी. बाईंची 'सक्ती' फारसी 'सख्त'वरून आलेली, तिचा इथे सुतराम संबंध नाही.

भाकरतुकडा: सुतराम म्हणजे सुताएवढाही नाही ना? मग 'सूत्रबद्धता' घ्या की!

उंटावरचा शहाणा: सुतराम् हे संस्कृत अव्यय आहे हो. त्यात सूत नाही.

भाकरतुकडा: आमच्याकडे सगळे सूतच समजतात. लोक समजतात तोच अर्थ.

सांधेबदल: मी फ्रेंच शिकवते. 'बियँ क… मे' आपली मराठी पोरंही लिहितात, 'जरी… तरी'च्या सवयीने. चिनी मुलांचा खरा घोळ सर्वनामांत. बोलताना तो, ती, ते सगळ्यांना 'था'च. लिहिताना चिन्हं वेगळी, पण 'ती'चं वेगळं चिन्हही विसाव्या शतकात रुळलेलं. शिवाय संदर्भाने कळत असेल तर कर्ता सरळ गाळतात. एका विद्यार्थिनीच्या निबंधात आजी पहिल्या ओळीत 'एल' (ती), तिसरीत 'इल' (तो), पाचवीत गायब. उलट 'दाबॉर, आँस्वीत, आँफँ' (आधी, मग, शेवटी) मात्र दर परिच्छेदाच्या तोंडाशी. टाके भरपूर, कापड सुटंच. म्हणून माझं मत 'सांधणी'.

मोरपीस: 'सांधणी' आवडला. पण 'सांधणीयुक्त मजकूर' कानाला कसा लागतो? विशेषणाचं काय करू?

उंटावरचा शहाणा: बघा! 'संसक्त' किती सहज होतं. पारिभाषिक शब्द थोडा परका वाटणारच. 'गुरुत्वाकर्षण' कुणाच्या आजीने वापरला होता?

खडीसाखर: आजीवरून आठवलं. आमची आजी (कराडची) म्हणायची, "बोलण्याला काही धरबंध आहे का?" एक वाक्य दुसऱ्याला धरून नाही, असा अर्थ. हाच तर कोहेझिआँ!

भाकरतुकडा: धरबंध म्हणजे आवर, घरबंद. खर्चाला धरबंध नाही म्हणतात.

खडीसाखर: 'घरबंद' नव्हे, धरबंद. आणि आजी म्हणायची तेव्हा मी समोर होते.

सांधेबदल: विदर्भात मी तो फक्त मुलांच्या वागण्याबद्दल ऐकलाय.

मोरपीस: अहो, उद्या संध्याकाळपर्यंत लेख द्यायचाय. संसक्ती की सांधणी?

भाकरतुकडा: आधी हे धरबंध की धरबंद ते ठरू द्या. कुणाकडे मोलस्वर्थचा शब्दकोश आहे का?