कानातला मळ: महागडे थेंब की साधं सलाईन?

सासूबाईंच्या उजव्या कानाला मळाने दडा बसलाय. हाक मारली की डावा कान पुढे करतात. दुकानदार महागडे थेंब देतोय. त्या थेंबांना पुरावा काय?

↳ ताई, कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा कानाच्या थेंबांवरचा २०१८ चा आढावा वाचा. १० अभ्यास, ६२३ माणसं; बहुतेक अभ्यास जुने. पाच दिवस थेंब घातले तर काहीच न घालण्यापेक्षा कान मोकळा व्हायची शक्यता वाढते. पण पाणी किंवा सलाईनपेक्षा (मिठाच्या पाण्यापेक्षा) अमुकच थेंब सरस, असं दिसलं नाही. इतक्या रोजच्या तक्रारीवर एवढंच संशोधन, याचं मला फार वाईट वाटतं.

↳ पडद्याला भोक असेल तर काहीही घालू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. ब्रिटनच्या नाइस या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने हाताच्या पिचकारीने मळ काढायलाही नाही म्हटलंय.

↳ दोघांचे आभार. उद्याच दाखवते.