वॉकर म्हणजे चालणारा नव्हे

शब्दवेल्हाळ
इंग्रजी आडनावांची यादी करते आहे. स्मिथ लोहार, टेलर शिंपी, बेकर पाववाला, इथवर सोपं गेलं. वॉकरपाशी अडले. चालणं हा काय धंदा झाला? निरोप्या, फेरीवाला असं काही होतं का? एका कोशात वॉकर, फुलर आणि टकर तिन्हींपुढे एकच अर्थ आहे, आणि मराठी प्रतिशब्द 'परीट' दिलाय. हे बरोबर आहे का?

मागवाला
तिन्हींचा धंदा एक, हे बरोबर. 'परीट' चूक. परीट वापरलेलं कापड धुतो. हे लोक मागावरून नुकतंच उतरलेलं लोकरी कापड हातात घेत, जे अजून अंगावर घालण्याजोगं झालेलंच नसे.

लोकर विंचरताना आणि कातताना तिला तेल किंवा चरबी लावतात. त्यामुळे विणलेलं कापड तेलकट असतं, आणि वीण इतकी सैल की उजेडाला धरलं तर पलीकडचं दिसावं. म्हणून आधी तेल काढायचं. त्यासाठी काही दिवस मुरवलेलं मूत वापरत. मुरल्यावर त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी सोडवतो. त्यासोबत तेल शोषणारी माती. मग ऊन पाण्यात, दगडी किंवा लाकडी डोणीत, कापड तासन् तास पायांनी तुडवायचं. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. कापड आटतं, जाड होतं, वीण दिसेनाशी होते. चांगल्या बनातीचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं, क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही कमी होई. विणकर माग म्हणूनच इतका रुंद ठेवत.

बिघडायच्या जागा पुष्कळ. तेल नीट निघालं नाही तर पुढे रंग डागाडागाने बसतो. कापड डोणीत एकाच घडीत राहिलं तर चुणी तशीच आटून बसते आणि मग इस्त्रीच्या बापालाही निघत नाही. म्हणून दर थोड्या वेळाने बाहेर काढून, झटकून, घडी बदलून परत घालायचं. जास्त तुडवलं तर पुठ्ठा होतो, कमी तुडवलं तर वारा आत येतो. शेवटी स्वच्छ पाण्यात खळबळून, लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून वाळवायचं. इथे लबाडीला वाव असे: मापात भरावं म्हणून जादा ताणलेलं कापड गिऱ्हाइकाच्या अंगावर पहिल्याच पावसात आखडे. इंग्लंडमध्ये याविरुद्ध कायदे करावे लागले.

जुनी पोथी
म्हणजे पायांनी तुडवतो, 'चालतो', म्हणून वॉकर. सरळ आहे की!

धातुपाठ
बहुतेक जण इथेच घसरतात. जुन्या इंग्रजीत 'वेआल्कन' म्हणजे लोळवणं, घोळसणं, इकडून तिकडे लोटणं. समुद्राच्या लाटांनाही हे क्रियापद लागे. 'वेआल्केरे' म्हणजे कापड घोळसणारा. 'पायी चालणं' हा अर्थ या धातूला नंतर, साधारण १३व्या शतकात चिकटला. म्हणजे आडनावातला अर्थ आजच्या 'वॉक'पेक्षा जुना आहे. जर्मन भाषेत 'वाल्कन'चा अर्थ अजूनही मुख्यतः कापड आटवणं असाच आहे, चालण्याशी त्याचा संबंध नाही. जर्मनीतही हेच आडनाव आहे, फक्त तिथे 'ल' ऐकू येतो.

आणखी एक उपशाखा: राखीव जंगलाच्या एका पट्ट्याला इंग्रजीत 'वॉक' म्हणत आणि त्याच्या रखवालदारालाही 'वॉकर'. काही थोड्या घराण्यांचं आडनाव तिथून आलेलं असू शकतं. पण ती पाऊलवाट, हमरस्ता कापडाचाच.

शब्दवेल्हाळ
मग एकाच धंद्याला तीन नावं का? कामात काही फरक?

धातुपाठ
कामात नाही, मुलखात. उत्तर इंग्लंड, मध्य इंग्लंड आणि स्कॉटलंड म्हणजे वॉकर. आग्नेय भागात फुलर. नैर्ऋत्येला, डेव्हन आणि सॉमरसेटकडे, टकर. १३व्या-१४व्या शतकांत आडनावं घट्ट होत गेली तेव्हा त्या त्या गावात जो शब्द तोंडी होता तो नावाला चिकटला. बोलींचा जुना नकाशाच आहे तो. एक्सेटर शहरात विणकर आणि कापड आटवणाऱ्यांच्या संघाची जुनी इमारत आहे, तिचं नाव टकर्स हॉल. यॉर्कशरात असती तर वॉकर्स हॉल झाली असती.

फुलर आला लॅटिन 'फुलो'वरून, त्याला फ्रेंचांकडूनही बळ मिळालं. टकरची कुळी सर्वांत मजेशीर: जुन्या इंग्रजीत 'तूकियन' म्हणजे छळणं, हाल करणं. कापडाचे हाल करतो तो टकर.

१३८०च्या दशकातल्या इंग्रजी बायबलात मार्काच्या ९व्या अध्यायात येशूची वस्त्रं कुणालाही करता येणार नाहीत इतकी शुभ्र झाल्याचं वर्णन आहे. तिथे अनुवादकाने 'फुलर किंवा कापडाचा वॉकर' असे दोन्ही शब्द ठेवले, सगळ्या मुलखांना कळावं म्हणून. मराठी बायबलात त्या जागी 'परीट' आहे. तुमच्या कोशातला परीट तिथूनच आला असावा. त्या वाक्यात तो शोभतो, कारण मुद्दा शुभ्रतेचा आहे. आडनावाचा अर्थ म्हणून नाही.

मागवाला
एक गंमत जोडतो. ११८५च्या नोंदींत इंग्लंडमध्ये पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या या कामासाठी दिसू लागतात. पाणचक्कीच्या आसाला खुंट्या, त्या खुंट्या लाकडी हातोडे उचलून डोणीतल्या कापडावर आपटणार. पाय गेले, पण उत्तरेत गिरणीला 'वॉक मिल'च म्हणत राहिले. वेल्श भाषेत अशा गिरणीला 'पांडी'. टोनीपांडी या गावाच्या नावात तीच आहे.

परीटघडी
संख्येने वॉकर सर्वांत जास्त का?

धातुपाठ
इंग्लंडमध्ये ते पहिल्या पंचवीस आडनावांत येतं. टकर आणि फुलर बरेच मागे. एक कारण मुलूख मोठा. दुसरं, स्कॉटलंडमधल्या गेलिक 'मॅक् अन् उखकादिर', म्हणजे 'आटवणाऱ्याचा पोरगा', या घराण्यांनीही इंग्रजी करताना वॉकर घेतलं. अमेरिकेत २०१०च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास वॉकर होते. त्यांतले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय. तेव्हा आडनावावरून रक्ताचं नातं काढायला जाऊ नये, गुलामगिरीच्या काळात आणि नंतर नावं अनेक वाटांनी आली.

लोकांच्या डोक्यात 'चालणारा' पक्का बसवला तो मात्र 'जॉनी वॉकर' व्हिस्कीच्या बाटलीने. मूळचा जॉन वॉकर हा स्कॉटलंडमधल्या किल्मारनॉकचा वाणी. ढांगा टाकत जाणाऱ्या साहेबाचं चित्र १९०८चं, आडनावावर केलेली कोटी. त्याच बाटलीवरून विनोदी नट बद्रुद्दीन काझी आपल्याकडे जॉनी वॉकर झाले.

परीटघडी
मराठीत 'कुंदी' चालेल का? धुतलेलं कापड मोगरीने ठोकून गुळगुळीत करणं. 'त्याची चांगली कुंदी काढली' हे त्यावरूनच. टकरच्या 'हाल करणे'शी किती जुळतं!

मागवाला
भाव जुळतो, क्रिया नाही. कुंदी सुती-रेशमी कापडाची, तकाकीसाठी. सुताला खवले नसतात, कितीही ठोका, ते आटून एकजीव होत नाही. आपला मुलूख कापसाचा, म्हणून या कामाला रुळलेला शब्द नाही. तयार माल मात्र आला, आणि त्याची नावंही: बनात, सकलाद. हो, आणि ती तेल शोषणारी माती म्हणजे आपली मुलतानी माती. पुडीवर 'फुलर्स अर्थ' छापलेलं असतं. फुलर नावाच्या कुणा शास्त्रज्ञाने ती शोधली अशी समजूत ऐकायला मिळते. तो फुलर हाच, डोणीत उभा असलेला.

शब्दवेल्हाळ
मग 'परीट' खोडते. तिन्हींपुढे 'लोकरी कापड तुडवून आटवणारा' असं लिहिते. लांब होतंय, 'आटवणारा' काढू का?

मागवाला
तोच ठेवा, हवं तर 'तुडवून' काढा. गिरणी आल्यावर तुडवणं संपलं, आटवणं नाही.